दारावरची कोरफड

सात मोज्यांत सात रोपं गुंडाळून
बाबा सलालाहून कायमचे परत आले.
आई म्हणाली, मोजे धुतलेले तरी होते का.

एकोणीस वर्षं त्यांनी बंदरात क्रेन चालवली.
वरून दिसायचं ते एवढंच सांगत :
कोरडा डोंगर, डोंगरावर माणसाएवढ्या कोरफडी,
थंडीत त्यांना लाल दांडे फुटायचे,
उतारावर कुणी पेटत्या काड्या रोवून ठेवल्यागत.

वडाळ्यात, चौथ्या मजल्याच्या वर, पाण्याच्या टाकीमागे
त्यांनी वाळवंट मांडायला घेतलं.
खडी शेजारच्या रीडेव्हलपमेंटमधून,
विटांचा चुरा, इस्त्रीवाल्याकडचा कोळसा,
संडासाच्या फुटक्या टाइल्स.
चाळून, धुऊन, उन्हात पसरून.
"पाणी थांबता कामा नये. आलं तसं जावं."
आई जिन्यात होती. म्हणाली, तुमच्यासारखं.

सेक्रेटरी पडवळांनी लेखी विचारलं,
स्लॅबवर एकूण किती किलो वाळवंट आहे?
बाबांनी रद्दीवाल्याचा काटा वर नेला
आणि लेखी कळवलं : दोनशे अठ्ठावीस. ओलं झाल्यास जास्त.

ओलं झालंच.
जूनमध्ये त्यांनी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स ताणून बांधला,
रोपांच्या डोक्यावर चार महिने
हात जोडून हसणारा माणूस.
पण पाणी वरून येतच नव्हतं, ते हवेत होतं,
उशीच्या अभ्र्यात, मिठाच्या बरणीत, बाबांच्या गुडघ्यांत.
एकेक रोप बुडापासून मऊ पडलं,
बोट लावलं की पिकल्या केळ्यासारखं आत जायचं.
पांढरं, निरोगी दिसेपर्यंत ते सुरीनं कापत जायचे,
राख लावायचे, पुन्हा रोवायचे.
सातव्यात पांढरं लागलंच नाही.

मी तेव्हा त्यांच्याशी फारसं बोलत नसे.
आमच्यात एकोणीस वर्षांच्या शुक्रवारांचे फोन होते,
"अभ्यास?"
"चालू आहे."
आणि मग पैशांचा आवाज, कट्.

आमच्या दारावर कोरफड असायची,
मुळं वर, पानं खाली, काळ्या दोऱ्यात.
ते पहिल्यांदा गेले त्या दिवशी आईनं टांगलेली.
ती वाळली की तिचंच पिल्लू. मग त्याचं.
माती नाही, पाणी नाही,
जिन्यातल्या ट्यूबचा उजेड, तोही फडफडता.
तरी पानांची टोकं वळून वरच बघायची.

दिवाळीची जळमटं काढायला बाबा स्टुलावर चढले
ते बराच वेळ उतरेचनात.
"हिला पाणी कोण घालतं?"
कुणी नाही.
"मग?"
आईनं खालून स्टूल धरलं होतं. तिनं ते धरूनच ठेवलं.

ती कोरफड त्यांनी खडीत लावली.
दारावर आईनं लगेच दुसरी टांगली, कारण विचारलं नाही कुणी.

तिसऱ्या थंडीत, म्हणजे मुंबईला जेवढी मिळते तेवढीत,
पानांच्या मधोमध कोंब आला, करंगळीएवढा, राखी.
रोज सकाळी बाबा टाकीवर पेन्सिलनं रेघ मारत,
शेजारी तारीख,
मुलांची उंची चौकटीवर मारतात तशी.
आमच्या चौकटीवर रेघा नाहीत.

सव्वीस जानेवारीला दांडा माझ्या कमरेला लागला.
लाल नव्हता. पिवळा, ओल्या हळदीचा,
फुलं खाली माना घालून.
"तिकडची असती तर माणसाएवढी झाली असती,"
बाबा म्हणाले, पण हळू, तिला ऐकू जाऊ नये असं.
आईनं चष्मा लावला, एक कळी दाबून पाहिली :
"भाजी होते का याची?"
एक शिंजीर आला, दांड्याला उलटा लटकला,
दोन फुलं रिकामी करून आयमॅक्सच्या घुमटाकडे गेला.

बाबांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली.
आजची तू मार.

मी एकतीस वर्षांची. चपला काढल्या,
पेन्सिल त्यांच्याच हातात राहू दिली
आणि टाकीला पाठ लावून उभी राहिले.

"टाचा टेक," आई म्हणाली.